ग्रंथालयांचा आराखडा करताय? आधी ‘ड’ दर्जाच्या वाचनालयात बसा

तुम्ही नागपूर विभागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत संगणक आणि इंटरनेट आणण्याचा आराखडा हाती घेतला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सुरुवात संगणकांच्या संख्येपासून करू नका. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली अनुदान घेणारी ‘अ’ (मोठी) ते ‘ड’ (सर्वात लहान) दर्जाची ग्रंथालयं एकाच मापानं मोजता येत नाहीत. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाला जे पुरतं, ते भिवापूर किंवा पारशिवनीकडच्या एका खोलीच्या वाचनालयाला लागूच होत नाही. तिथे एक दिवस बसा. कोणी सातबारा बघायला येतं, कोणी स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायला, आणि वीज गेली की सगळे उठून जातात. म्हणून इन्व्हर्टर पहिल्या यादीत घ्या, आणि आमच्या मे महिन्यातल्या उन्हाचाही विचार करा. पत्र्याखालची यंत्रं टिकत नाहीत.

भारतनेटची (गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या केंद्राच्या योजनेची) फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली असेल, तर खरा प्रश्न तिथून वाचनालयापर्यंतच्या तुकड्याचा असतो. तो कोण टाकणार, दरमहा बिल कोण भरणार, हे लेखी ठरवा. यंत्रं एकदा मिळतात, बिल कायमचं असतं. इथेच बहुतेक योजना कोलमडतात.

पुस्तकांच्या सूचीसाठी ‘कोहा’ किंवा ‘ई-ग्रंथालय’ ही सॉफ्टवेअर बघा. कोहा मुक्त आहे, परवान्याचा खर्च नाही. जुनी पुस्तकं स्कॅन करण्याआधी लेखकाचं मृत्युवर्ष तपासा, कारण कॉपीराइटचा हक्क त्यानंतर ६० वर्षं राहतो.

आणि ग्रंथपालांना प्रशिक्षण देताना वाचकाचं खातं लॉगआउट करायला पहिल्याच दिवशी शिकवा.