काय वाचू, सांगा की! वाचकांचे प्रश्न आणि वाचकांचीच पुस्तकं

मागच्या अंकात आपण दोन गोष्टी मागितल्या होत्या. कुणाला कुठल्या विषयावरचं पुस्तक पाहिजे ते विचारा, आणि तुम्ही स्वतः दुसऱ्याच्या हातात कोंबाल असं एक पुस्तक कळवा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले, एकानं तर नुसता पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवलाय, नाव नाही गाव नाही, ओळखा म्हणून. सगळ्यांना जागा देणं शक्य नाही. निवडताना मी एवढंच बघितलं की आपल्या बेळगाव भागातल्या माणसाला, म्हणजे घरात मराठी, शाळेत कन्नड नाहीतर इंग्लिश आणि बाजारात तिन्ही, अशा माणसाला आधी काय लागू पडेल. विषय कुठलाही असूदे, पहिलं पुस्तक कानाला ओळखीचं वाटलं पाहिजे, मग पुढची आपोआप जमतात असं माझं मत आहे. तुम्हाला पटत नसेल तर भांडा, जागा आहे.

पोरगी आठवीत आहे, इंग्लिश मीडियम. घरात मराठी फाडफाड बोलते पण पुस्तक दिलं की जोडाक्षराला अडकते आणि ठेवून देते. काय देऊ? (निपाणी)

दादा, ह्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वाचकांनी एकच उत्तर दिलंय आणि माझंही तेच आहे, प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. लंपन नावाचा मुलगा, आजी-आजोबांकडे राहतो, आणि जे बोलतो ते आपल्याकडचं बोलतो, मधेच कन्नड शब्द येतात आणि कुणी त्याचा अर्थ सांगत बसत नाही. पुण्याच्या मुलाला तिथं अडखळायला होईल, तुमच्या पोरीला नाही होणार, उलट ती म्हणेल अरे हे तर आपल्यासारखंच बोलतात की! हाच फायदा. फक्त एक करा, पुस्तक तिच्या हातात देऊन मोकळे होऊ नका, पहिली गोष्ट तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, कारण ती भाषा डोळ्यापेक्षा कानाची आहे, आणि अर्ध्यात थांबा. पुढं काय झालं ते तिचं तिला वाचूदे. ‘वनवास’ झालं की ‘शारदा संगीत’, मग ‘पंखा’, मग ‘झुंबर’. क्रम मोडू नका, पोरगा पुस्तकागणिक मोठा होत जातो.

आता थोडं मोठ्यांसाठी. संत म्हणजे आपल्या इंदिरा संतांचा मुलगा, पण आजोळी दत्तक गेलेला, त्यामुळे कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित, नोकरी कराडला भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाची. हे कळल्यावर लंपनचं आजी-आजोबांकडे राहणं वेगळंच वाचलं जातं. त्यांच्या पत्नी सुप्रिया दीक्षित यांचं ‘अमलताश’ आहे, ते तुम्ही वाचा, पोरीला नको इतक्यात.

टिळकवाडीच्या एका आजींनी मात्र वेगळं सुचवलंय, ‘तोत्तोचान’. जपानी पुस्तक, रेल्वेच्या जुन्या डब्यात भरणाऱ्या शाळेचं, तेत्सुको कुरोयानागींचं, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावींनी आणलंय. वाक्यं लहान, प्रकरणं लहान, अडखळणाऱ्या मुलांना बरं पडतं. आजी लिहितात की हे पुस्तक मुलांपेक्षा त्यांच्या शिक्षकांना द्या. त्यांचा राग कुणावर आहे ते मी छापत नाही.

सौंदत्तीच्या यल्लम्माला आमच्या घरात तीन पिढ्या जातात. देवीबद्दल नीट माहिती देणारं पुस्तक पाहिजे, भक्तिमाहात्म्याची पोथी नको आणि देवाला शिव्या घालणारंही नको. (अथणी)

आक्का, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला म्हणून जरा लांबण लावतो.

रा. चिं. ढेरे यांचं ‘लज्जागौरी’ घ्या. जड आहे हे आधीच सांगतो, संदर्भ भरपूर, संस्कृत भरपूर, पहिल्यांदा वाचताना मधली पानं उलटली तरी चालतील. पण ह्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या देवांचा माग काढला, आणि तो देखील कुणाची श्रद्धा न दुखवता आणि कुणाला घाबरूनही नाही. रेणुका, यल्लम्मा, मातंगी, वारूळ, भूमी म्हणजे आई, हे सगळे धागे तो एकमेकाला बांधून दाखवतो आणि मग वारुळापुढं आपण हात का जोडतो हे डोक्यात लख्ख होतं. ढेऱ्यांचंच ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ सुद्धा आपल्याकडच्या माणसानं वाचावंच, त्याला 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पंढरपूरच्या विठोबाचं कर्नाटकाशी काय नातं ते त्यात आहे, आणि ते वाचल्यावर ‘कानडा हो विठ्ठलु’ हा अभंग तुम्ही पूर्वीसारखा ऐकणार नाही.

पण आक्का, नुसते ढेरे वाचून थांबलात तर देवी कळेल, देवीच्या नावानं काय झालं ते कळणार नाही. त्यासाठी राजन गवस. ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’, दोन्ही लहान कादंबऱ्या. पहिली देवीला सोडलेल्या मुलीची, दुसरी जोगत्याची, म्हणजे देवीला सोडलेल्या पुरुषाची. उदं गं आई उदं म्हणत डोक्यावर जग, म्हणजे देवी ठेवलेली पाटी, घेऊन दारात येणारी बाई आपण सगळ्यांनी बघितलीय, पसाभर धान्य घातलंय आणि दार लावून घेतलंय. तिच्या दाराच्या आतली गोष्ट ही. कर्नाटकात देवदासी म्हणून मुली सोडायला बंदी करणारा कायदा 1982 चा आहे, आणि ह्या कादंबऱ्या त्याच काळाच्या आसपासच्या, म्हणजे हे काही पुराणकाळातलं नव्हे. भाषा गडहिंग्लज-चंदगडकडची, तुम्हाला अगदी घरची वाटेल. घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवाल की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, काही पानं कडवट आहेत.

माझा सल्ला, आधी गवस, नंतर ढेरे. उलटं केलं तर ढेरे पूर्ण होईपर्यंत वर्ष जाईल.

ऑफिसात सगळे कन्नडिग, जेवताना पुस्तकांवर बोलतात, भैरप्पा भैरप्पा करतात, आणि मला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. कुठनं सुरू करू? (बेळगाव)

मराठीतनंच सुरू करा, त्यात लाजायचं काय. आणि गंमत बघा, कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पांना मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी ह्या जन्मानं बेळगावच्याच. त्यांची कामाची पद्धत ऐकण्यासारखी आहे, त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड मजकूर वाचून टेप करायचे आणि ह्या ऐकून अनुवाद करायच्या, म्हणजे तुमच्यासारखंच, कान तयार पण लिपीची अडचण! हे सगळं त्यांच्या ‘संवादु अनुवादु’ ह्या आत्मकथनात आहे. विरूपाक्ष उलट्या दिशेनं, मराठीतलं कन्नडमध्ये न्यायचे. एका घरात दोन्ही वाटा.

भैरप्पा वाचताना ‘पर्व’ आधी घेऊ नका, महाभारत आहे म्हणून सगळे तेच उचलतात आणि दमतात. ‘वंशवृक्ष’ घ्या. नंजनगुड आणि म्हैसूरकडची गोष्ट, श्रीनिवास श्रोत्री नावाचा जुन्या वळणाचा विद्वान आणि त्याची विधवा सून जिला शिकायचंय आणि पुन्हा लग्न करायचंय. कुणाची बाजू घ्यावी तेच कळत नाही, दर पन्नास पानांनी मत बदलतं. ह्याच अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालाय. तुमच्या ऑफिसातल्या लोकांशी भांडायला भरपूर दारूगोळा मिळेल.

भैरप्पांची मतं ज्यांना पटत नाहीत (अशा वाचकांची दोन पत्रं आलीत, चांगली तापलेली) त्यांनी गिरीश कार्नाडांचं ‘खेळता खेळता आयुष्य’ सुचवलंय. तेही उमाताईंनीच मराठीत आणलंय. शिरसी आणि धारवाडचं बालपण आहे त्यात. खरं तर दोन्ही वाचा की, एकमेकाविरुद्धचे दोन लेखक एकाच अनुवादिकेच्या मराठीत वाचायला मिळणं हे भाग्य आपलंच.

सारखं जुनं जुनं आणि बामणी बामणी पुस्तकं सांगता. आमच्यासारख्या गाडीवर, गॅरेजात काम करणाऱ्यांचं कोण लिहितंय? (निपाणी रोड)

भाऊ, तुमच्या गावात होता की! महादेव मोरे. निपाणीत टॅक्सी चालवली, मग पिठाची गिरणी चालवली आणि गिरणीत बसून लिहिलं. ड्रायव्हर, हमाल, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, गॅरेजमधली पोरं, सगळी माणसं त्यांच्या कथा-कादंबऱ्यात आहेत, आणि साहेब होऊन लांबनं बघितलेली नाहीत. ‘एकोणिसावी जात’ शोधा, ‘झोंबडं’ शोधा. 2024 मध्ये गेले ते. गेल्यावर चार ओळी सगळ्यांनी लिहिल्या, पुस्तकं मात्र दुकानात मागितली की दुकानदार मान हलवतो, ह्याचा मला राग येतो. वाचनालयात मिळतात, जुन्या बांधणीतली. मागा, मागितल्याशिवाय कपाटातनं खाली येत नाहीत.

जंगलावरचं, प्राण्यांवरचं काहीतरी. आम्ही जंगलाच्या काठालाच राहतो. (खानापूर)

व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’. वानरांच्या टोळ्यांची कथा, लहान पुस्तक, एका बैठकीत संपतं, आणि संपल्यावर निवडणुकीची बातमी वाचताना तेच आठवतं. मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ सावकाश वाचायचं, ते फॉरेस्ट खात्यातले, त्यांच्याकडं माहिती आणि माया दोन्ही आहे. पण ते विदर्भातलं रान, आपलं नाही. तुमच्या तालुक्यात भीमगडचं अभयारण्य आहे, बारापेडे गुहेतलं ते दुर्मिळ वटवाघूळ आहे, म्हादई नदी आहे. खानापूरच्या कुणीतरी बसून मराठीत लिहायला पाहिजे, तुम्हीच का नको?

‘श्रीमान योगी’ इतिहास म्हणून वाचायचं की कादंबरी म्हणून? घरात वाद आहे. (उचगाव)

कादंबरी. वाद मिटला. पण त्या पुस्तकाला नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे ती बरेच जण उलटून पुढं जातात, तसं करू नका, शिवाजी महाराजांकडं इतिहासाच्या डोळ्यानं कसं बघायचं ते त्यात आहे, कादंबरी एकदा आणि प्रस्तावना दोनदा वाचा. आणि रणजित देसाई कोवाडचे, म्हणजे तुमच्या शेजारचेच, तर त्यांचं ‘बारी’ वाचलंय का? ‘स्वामी’च्या आधीचं, बेरड लोकांचं, आपल्याच घाटा-रानातलं. ‘स्वामी’ 1962 ला आली आणि त्यांचं नाव पेशव्यांशी कायमचं जोडलं गेलं, ‘बारी’ मागं पडली. मला विचाराल तर देसाईंचं खरं रक्त तिच्यात आहे. हे मत एकट्याचं आहे, पत्रं पाठवायला हरकत नाही.

शास्त्रीय संगीतातलं ओ की ठो कळत नाही. (सुळेभावीजवळून)

सुळेभावीजवळ राहून असं म्हणता! शिवपुत्र कोमकली तिथंच जन्मला 1924 ला, तोच कुमार गंधर्व. ‘नादवेध’ घ्या, अच्युत गोडबोले आणि सुलभा पिशवीकर यांचं, रागावर लिहिताना सिनेमातली गाणी सांगत जातात, मोबाईल शेजारी ठेवून वाचायचं. गोडी लागली तर वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’. नाही लागली तर नाही, जबरदस्ती नाही.

पोरगा पुण्याला नोकरीला, रोज हॉटेलचं खातो. (चिकोडी)

मावशी, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ द्या पाठवून. वाटी-चमच्याचं माप आहे, पोरालाही जमतंय. कुंदा, आपली बेळगावची मिठाई, तेवढी त्याच्यात बघून करू नको म्हणावं, तो इथनंच न्यावा.

ही सगळी पुस्तकं मिळतात कुठं? (बऱ्याच जणांचा)

विकत घ्यायच्या आधी वाचनालय. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं आहे, तिथं जुनं बरंच सापडतं. थंडीच्या दिवसात उचगाव, कडोली, कुद्रेमनी अशी गावोगावची संमेलनं होतात, मांडवाबाहेर पुस्तकांचे स्टॉल असतात, भाषणं नकोशी झाली की तिकडं सरकायचं, घासाघीस केली तर थोडं कमी करतात. ऑनलाईन मागवताना अनुवादकाचं नाव बघून मागवा, एकाच पुस्तकाचे दोन दोन अनुवाद निघतात आणि एखादा भयंकर असतो.

रायबागच्या एका काकांनी शेतीवरचं पुस्तक विचारलंय, उसावरचं नको असं खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलंय. माझ्याकडं त्यांना देण्याजोगं काही नाही, ज्याला सांगता येईल त्यानं पुढच्या अंकासाठी कळवा, आणि पानाचा नुसता फोटो पाठवू नका.