मॉरिशसच्या जनगणनेत मराठी वंशाचे लोक शोधायचे कुठे?

मॉरिशसमध्ये मराठी वंशाचे लोक किती आणि सगळीकडे दिसणाऱ्या ‘५२ टक्के हिंदू’ या आकड्यात ते धरलेत का, असं तुम्ही विचारलंय. धरलेत. पण तो आकडा १९७२चा आहे, आणि तिथेच सगळी गोची आहे.

१९७२च्या जनगणनेत समाज विचारला होता. रकाने चारच: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि ‘जनरल पॉप्युलेशन’. मॉरिशस बेटाच्या सुमारे सव्वाआठ लाख वस्तीत त्यांचं प्रमाण साधारण ५२, १७, ३ आणि २९ टक्के निघालं. मराठी, तमिळ, तेलुगू सगळे हिंदूंतच. चौथा रकाना हा वंश नव्हेच. राज्यघटनेनुसार जीवनपद्धतीवरून पहिल्या तिन्हींत न बसणारा तो जनरल, म्हणजे आफ्रिकी वंशाचे क्रिऑल आणि फ्रेंच वंशाचे गोरे एकाच रकान्यात. १९८२ मध्ये हा प्रश्न काढून टाकला, तरी निवडणुकीनंतर ‘बेस्ट लूझर’च्या (कमी प्रतिनिधी निवडून आलेल्या समाजांतल्या हरलेल्या उमेदवारांना द्यायच्या) कमाल ८ जागा वाटताना आजही १९७२चेच आकडे घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये नेमका यावर ठपका ठेवला होता.

मग नंतरचं काय? १९८३ ते २०११ या जनगणनांत तीन वेगळे रकाने बघा: धर्म, घरात बोलायची भाषा आणि पूर्वजांची भाषा. व्हाक्वा या तिथल्या गावातल्या एखाद्या मराठी घराची नोंद सहज अशी असू शकते: धर्म हिंदू, घरची भाषा क्रिऑल (फ्रेंचवरून बनलेली तिथली बोलभाषा), पूर्वजांची भाषा मराठी. म्हणून वंशासाठी शेवटचाच रकाना धरा. घरच्या भाषेवरून मोजाल तर फसाल. २०११ मध्ये तिथे ८६.५ टक्के क्रिऑल आहे, भोजपुरीसुद्धा २०००च्या १२.१ वरून ५.३ वर आली. भोजपुरीवाले अकरा वर्षांत कुठे गेले नाहीत, त्यांच्या घरातली भाषा बदलली.

धर्माच्या तक्त्यात ‘मराठी’, ‘तमिळ’, ‘तेलुगू’ अशा ओळी दिसल्या तर चक्रावू नका. तिकडे देवळं, मंडळं भाषेप्रमाणे वेगळी, त्यामुळे बरेच जण धर्माच्या जागीही तेच सांगतात. पण त्याच घरातला भाऊ नुसतं ‘हिंदू’ सांगतो. म्हणजे ही ओळ मराठी लोकांची संख्या कमी दाखवणार. ती पूर्वजांच्या भाषेच्या आकड्यात मिळवू नका, तीच माणसं दोनदा मोजली जातील. चिनी वंशाच्यांबाबत तर धर्म बिनकामाचा, त्यांतले बहुतेक कॅथलिक आहेत.

पूर्वजांच्या भाषेतही खोट आहेच. आई तेलुगू, वडील मराठी असतील तर काही जण दोन भाषा सांगतात. अशा जोड्या तक्त्यात वेगळ्या पडतात, त्या नजरेतून सुटतात. काही जण पूर्वजांची भाषाही क्रिऑलच सांगतात. तेव्हा या रकान्यातला मराठीचा आकडा ‘निदान इतके’ म्हणूनच वापरा. शिवाय तक्ता फक्त मॉरिशस बेटाचा की देशाच्या रॉड्रिग्ज या दुसऱ्या बेटासकट, हे मथळ्यात वाचून घ्या. दोन वर्षांची तुलना करताना हा घोळ हमखास होतो.

आडनावांवरून अंदाज बांधू नका. गिरमिटियांच्या (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या) नोंदवहीत नाव आणि बापाचं नाव असायचं, पुढे तीच नावं आडनावं होऊन बसली. मुंबई बंदरातून चढलेला प्रत्येक जण मराठी, हेही गृहीत धरू नका. एखाद्या कुटुंबाचंच मूळ हवं असेल तर जनगणना सोडा आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या या नोंदवह्या गाठा. जहाज, जात, जिल्हा, गाव असे तपशील त्यांत सापडतात. फक्त ‘रत्नागिरी’चं स्पेलिंग कारकुनागणिक बदलतं, तेव्हा शोधताना दोन-चार रूपं घालून बघा.