करार मोडला, पैसे अडकले: व्यावसायिक दाव्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही एका कंपनीला पॅकिंगचे खोके पुरवत होतो. लेखी करार नाही, उधारीची मुदतही ठरली नव्हती. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर यायची, माल चलनावर (मालासोबतच्या पोच-पावतीवर) जायचा. सात महिने पुरवठा चालला. शेवटचा माल जाऊन दोन वर्षं नऊ महिने झाले. साडेअकरा लाख थकले आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांनी पन्नास हजार एनईएफटीने पाठवले, तेव्हापासून फक्त ‘देतो, देतो’. वकिलाची नोटीस पाठवली तर दावा लावण्याची मुदत वाढेल ना?

नाही. नोटिशीने मुदत एक दिवसही वाढत नाही आणि फोनवरच्या ‘देतो’नेही नाही. तुमच्या प्रकरणात हाच मुद्दा सर्वात नाजूक आहे.

लेखी करार नसला तरी दावा चालतो, तोंडी करारही करारच असतो. मात्र उधारीची मुदत ठरली नसेल तर मालाच्या किमतीसाठी 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे माल पोचल्याच्या तारखेपासून तीन वर्षं मिळतात. ती प्रत्येक खेपेची वेगळी मोजायची. त्यामुळे तुमची शेवटची बिलं मुदतीत असली तरी सुरुवातीच्या महिन्यांतली बिलं आज मुदतबाह्य दिसतात. त्यांना वाचवणारी एकच गोष्ट म्हणजे ते पन्नास हजार. मुदत संपण्याआधी काही रक्कम आली आणि तिची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असेल, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. पासबुकातल्या नुसत्या जमा नोंदीवर विसंबू नका. त्या सुमारास त्यांच्या हिशेब खात्याचं पत्र, सही-शिक्क्याचं बाकी प्रमाणपत्र किंवा ‘आपल्या खात्यापोटी इतके पाठवले, उरलेले पाठवतो’ असा ईमेल आला होता का, ते आधी शोधा. रक्कम एखाद्या ठरावीक बिलापोटी दिल्याचं त्यात लिहिलं असेल, तर फायदा त्या बिलापुरताच धरा.

आता पुढचं काम. रक्कम तीन लाखांच्या वर आहे आणि व्यवहार व्यापारी आहे, म्हणून दावा 2015 च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली जाईल. तिथे थेट दावा लावता येत नाही. कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थीचा अर्ज द्यावा लागतो: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, नमुना 1 मध्ये, एक हजार रुपये फी भरून. समोरचा फिरकलाच नाही तर प्राधिकरण तसा अहवाल देतं, तो वादपत्राला, म्हणजे दाव्याच्या मूळ अर्जाला, जोडायचा. ही पायरी गाळली तर वादपत्रच नाकारलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात स्पष्ट केलं आहे. सूट फक्त तातडीचा अंतरिम आदेश हवा असेल तेव्हाच. मध्यस्थी टाळण्यासाठी उगाच मनाईचा अर्ज जोडण्याची युक्ती न्यायाधीश ओळखतात. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत, पण अर्ज मुदत जिवंत असतानाच पडायला हवा. म्हणजे तुमच्यासाठी याच आठवड्यात.

नोटीस पाठवायचीच असेल तर तिचा खरा उपयोग व्याजासाठी आहे. व्याजाचं लेखी काही ठरलेलं नसताना ‘अमुक दराने व्याज मागणार’ हे नोटिशीत लिहिलंत, तर त्या तारखेपासून व्याज मागता येतं. बहुतेक नोटिशींत धमक्याच भरपूर असतात, ही ओळ मात्र राहून जाते.

पुराव्याचं सांगायचं तर व्हॉट्सअॅपच्या स्क्रीनशॉटची नुसती छापील प्रत पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक यंत्र वापरणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकीय ठसा, नमूद करावं लागतं. तो फोन विकू नका, रीसेट करू नका. चलनावर घेणाऱ्याची सही आणि शिक्का आहे का बघा. वॉचमनची वाचता न येणारी सही असेल तर जोडीला ई-वे बिल (माल वाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) आणि वाहतूकदाराची पावती ठेवा. आणखी एक जबर पुरावा बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही: समोरच्याने तुमच्या बिलांवर जीएसटीचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतलं असेल, तर ‘माल मिळालाच नाही’ म्हणणं त्याला फार जड जातं.

या न्यायालयात प्रकरणाशी संबंधित सगळी कागदपत्रं वादपत्रासोबतच द्यायची असतात, तुमच्या विरुद्ध जाणारीसुद्धा. खराब खोक्यांबद्दल त्यांची तक्रार आली असेल तर ती लपवू नका. ती त्यांच्या कैफियतीतून (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातून) बाहेर आली तर जास्त महागात पडते.

प्रश्न : यंत्र वेळेत न दिल्यास दहा लाख दंड, असं करारात लिहिलं आहे. पुरवठादाराने यंत्र दिलंच नाही. पूर्ण दहा लाख मिळतील का? समरी दावा करता येईल का?

दहा लाख ही कमाल मर्यादा समजा. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे त्या आकड्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. नुकसान मोजणं शक्य असेल तर ते दाखवावं लागतं. दुसरीकडून यंत्र जास्त किमतीला घेतलं असेल, तर दोन्ही किमतींतला फरक हा सर्वात भक्कम आकडा. म्हणून त्या वेळची कोटेशनं जपून ठेवा. बुडालेला नफा मागायचा तर हातातून गेलेली ऑर्डर कागदावर दाखवा. ‘महिन्याला इतके कमावले असते’ एवढ्यावर काही मिळत नाही. आणि यंत्र मिळत असूनही वर्षभर घेतलं नाही, तर त्या वर्षाचं नुकसान तुमच्याच माथी येतं. ते कमी करण्याचा प्रयत्न तुम्ही करायलाच हवा होता.

समरी दावा, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालचा झटपट दावा, इथे बसणार नाही. तो लेखी करारातून निघणाऱ्या ठरलेल्या देण्यासाठी असतो. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचावासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. भरपाई न्यायालयानेच ठरवायची असल्याने तुमचा दावा नेहमीच्या मार्गाने जाईल. मागण्या मात्र एकाच दाव्यात घ्या. आगाऊ दिलेली रक्कम आज आणि भरपाई नंतर, असं केलंत तर दुसऱ्या दाव्याला त्याच संहितेचा आदेश 2 नियम 2 (एकाच कारणाच्या सगळ्या मागण्या एकाच दाव्यात घ्यायच्या, हा नियम) आडवा येतो.

प्रश्न : आमची भागीदारी नोंदलेली नाही. दावा लावून मग नोंदणी केली तर?

चालणार नाही. भागीदारी कायद्याचं कलम 69 नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून दावा लावू देत नाही आणि नंतरच्या नोंदणीने आधीचा दावा दुरुस्त होत नाही. आधी नोंदणी, मग दावा. मधल्या काळात मुदत संपत नाही ना, तेवढं बघा.

प्रश्न : करारात लवादाचं (वाद कोर्टाऐवजी खासगी लवादाने सोडवण्याचं) कलम आहे. तरी कोर्टात गेलो तर?

प्रतिवादीने पहिलं म्हणणं देण्याच्या वेळेपर्यंत अर्ज केला, तर न्यायालय पक्षकारांना लवादाकडे पाठवतं आणि तुमचे महिने फुकट जातात. लवाद सुरू करण्याची नोटीस समोरच्याला मिळाली की लवादाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात. त्यामुळे मुदतीच्या दृष्टीने ती नोटीसच महत्त्वाची.

प्रश्न : दावा चालू असताना समोरच्याने मालमत्ता विकली तर हुकूमनाम्याचा (न्यायालयाच्या अंतिम निकालाचा) काय उपयोग?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 38 नियम 5 खाली निकालाआधी जप्ती किंवा तारण मागता येतं. त्यासाठी नुसता संशय चालत नाही. विक्रीची जाहिरात, दलालाशी झालेला पत्रव्यवहार, यंत्रं हलवल्याचे फोटो असं काही शपथपत्रासोबत लागतं. हुकूमनामा झाल्यावर पैसे आपोआप येत नाहीत, दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते. तिला बारा वर्षांची मुदत आहे. समोरच्याची बँक खाती, जागा, वाहनं यांची यादी दावा दाखल करतानाच करायला घ्या. जुन्या चेकवरचा खाते क्रमांकसुद्धा तिथे कामाला येतो.