बॅटरी घेऊन तोंड बघणारी मुलगी

प्रश्न: मुलीला बारावीला ७६ टक्के होते. नीट दोनदा दिली, शासकीय कॉलेजइतके गुण आले नाहीत. तिसऱ्यांदा क्लास लावतो म्हटलं, तर तिला बी.एस्सी. करून कॅन्सरच्या जनुकांवर संशोधन करायचंय. माझे थोरले भाऊ दोन वर्षांपूर्वी गालाच्या कॅन्सरनं गेले, तेव्हापासूनचं हे खूळ. ‘त्यांच्या घराण्यातच कॅन्सर आहे’ असं नात्यात आधीच बोलतात. तिनं हाच विषय घेतला तर स्थळं कशी येणार? तिच्या जीन्सची तपासणी करून घेऊ का? आमच्या घरात तंबाखू पूर्वीपासून आहे. हल्ली ती माझ्याच तोंडात मोबाईलची बॅटरी मारून बघते, पांढरा डाग आहे म्हणते. तिला समजवा.
– एक वडील, चोपडा तालुका

उत्तर: भाऊ, तिला समजवण्यासारखं काही नाही. ती बरोबर करतेय.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नीटचे गुण दुसऱ्या वाचनापर्यंत लक्षातही राहिले नव्हते, तो पांढरा डाग मात्र राहिला. पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, भरीत-ठेच्याचं तिखट एकाएकी न सोसणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवावंच लागतं. प्रत्येक डाग कॅन्सर नसतो, बरेच कधीच होत नाहीत. पण ते डॉक्टरांनी पाहून, गरज पडल्यास तुकडा तपासून ठरवायचं. केळीचा माल निघाला की जातो, असं म्हणू नका. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. आणि तंबाखूची डबी आजच बाजूला ठेवा.

आता ‘घराण्यातल्या कॅन्सर’बद्दल. जनुकात बदल झाला म्हणजे तो आई-बापाकडून आला, ही समजूत चुकीची आहे. तुमच्या भावाच्या गालातल्या पेशींत जे बदल झाले असतील, ते बहुधा जन्मानंतर, त्या पेशींतच झाले. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं, जनुकं ज्याची बनलेली असतात त्या डीएनएला इजा करतात. त्याच्या दुरुस्तीत चूक राहिली आणि पेशी दुभंगली, की ती चूक पुढच्या पेशींत उतरते. अशा चुका वर्षानुवर्षं साचतात. १७व्या गुणसूत्रावर टीपी-५३ नावाचं जनुक आहे. डीएनए बिघडला की पेशीची वाढ थांबवायची, दुरुस्ती जमत नसेल तर तिला मरू द्यायचं, हे त्याचं काम. तंबाखूच्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये सर्वाधिक वेळा तेच बिघडलेलं सापडतं. सीडीकेएन-२ए हे वाढीला ब्रेक लावणारं जनुकही पुष्कळदा निकामी झालेलं असतं. एका बदलानं सहसा भागत नाही, अनेक साचावे लागतात. पण हे सगळं त्या पेशींपुरतंच राहतं, पुढच्या पिढीत जात नाही. वाऱ्यानं केळीची पानं फाटली म्हणून कंदाला फुटणारं पील फाटक्या पानांचं येत नाही, तसंच. फॅन्कोनी अ‍ॅनिमियासारखे आनुवंशिक आजार याला अपवाद आहेत, पण ते दुर्मीळ. काही घरांत धोका थोडा जास्त दिसतो, पण त्याच घरांत तंबाखूची डबीही एकच असते. म्हणून मुलीची जीन-तपासणी नको. काकांच्या गाठीतले बदल तिच्या रक्तात शोधून काही मिळणार नाही.

स्थळांचं स्पष्टच सांगतो. मुलीनं काय शिकावं, हे नात्यातल्या कुजबुजीवर ठरवणं मला अजिबात मान्य नाही. आजार लपवून संसार टिकत नाहीत. आणि ‘घराण्यात कॅन्सर’ ही अफवा खोडून काढायची असेल, तर तुमच्या घरात ते करू शकणारी एकच व्यक्ती आहे. तिलाच तुम्ही गप्प करताय.

तिसरी नीट तिला स्वतःला हवी असेल तरच. नाहीतर बी.एस्सी. जीवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्र, मग एम.एस्सी.साठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा, पुढे पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा. जळगावच्या विद्यापीठातही जीवशास्त्राची प्रशाला आहे.

तिलाही एक सांगा. पीएच.डी.पर्यंत दहाएक वर्षं जातात, आणि काकांचं दुःख एवढ्या लांब पुरत नाही, कामाचीच गोडी लागते. ते काम कसं असतं बघा. २०१३ साली खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्र संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरमधले जनुकीय बदल शोधून प्रसिद्ध केले. टीपी-५३ तर होतंच, शिवाय या कॅन्सरमध्ये आधी न नोंदलेली काही जनुकंही सापडली. असं काम अर्धं प्रयोगशाळेत, तर अर्धं संगणकावर, आकडेमोड करत होतं. तिला संख्याशास्त्राचा कंटाळा असेल तर आधीच बोलायला हवं. या सुट्टीत तिनं थोडं संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकाची भाषा शिकून पाहावी. मन रमलं तर मग अडवू नका.

दवाखान्याची ओपीडी सकाळची असते. लवकरच्या एसटीनं निघा आणि तिला सोबत न्या. डाग कधीपासून आहे, हे डॉक्टरांना तुमच्यापेक्षा तीच नेमकं सांगेल.