आधी बॅटरी बदला, फॉरमॅटचं नंतर बघू

तुमचा प्रश्न असा: वडिलांचा २००९ चा कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा कॉम्प्युटर, दोन जीबी रॅम, विंडोज ७. चालू केला की तारीख १ जानेवारी २००९, कुठलीही साइट उघडली की 'कनेक्शन सुरक्षित नाही', आणि दहा-पंधरा मिनिटांत मशीन आपोआप बंद. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू, नाहीतर नवीनच घ्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी यातला एकही आजार फॉरमॅटने जाणारा नाही.

तारीख आणि साइट यांचं मूळ एकच. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ आणि बायॉसची (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) सेटिंग्ज तीच सांभाळते. ती संपली की घड्याळ मागे जातं. साइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं; तुमच्या मशीनच्या लेखी अजून २००९ चालू असल्यामुळे आजचं प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नाही, म्हणून ब्राउझर अडतो. बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते, चहा-वड्याच्या पैशात. वायर काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जाईल, जुनी बॅटरी काढा, नवी अधिकची बाजू वर ठेवून बसवा.

आता खरी मेख. बॅटरी गेली की बायॉस मूळ सेटिंगवर येतो, आणि त्यात हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत, म्हणजे मोडही बदलू शकतो: आधी एएचसीआय असेल तर आता आयडीई. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं होतं तो नसला की लोगो दिसतो न दिसतो तोच निळा स्क्रीन, आणि खाली शेवटी ७बी असलेला कोड. आमच्या घरी २०१४ साली नेमकं हेच झालं. दुकानात नेला, 'विंडोज करप्ट' असं निदान झालं, फॉरमॅट झालं आणि भाचीच्या बारशाचे फोटो गेले. महिन्याभराने तोच निळा स्क्रीन परत! तेव्हा मी बायॉसमध्ये शिरून मोड बदलला आणि मशीन निमूट चालू झालं. ते फोटो आठवले की अजून चडफडायला होतं. म्हणून बॅटरी बदलल्यावर तारीख लावा आणि हा मोडही बघून ठेवा. बहुतेक बोर्डांवर बायॉसची कळ डिलीट किंवा एफ२ असते.

आपोआप बंद पडणं हे बहुधा उष्णतेचं काम. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच मान टाकतं. बाजूचं झाकण उघडून पंख्याखालच्या जाळीत बघा, धुळीची अख्खी गोधडी निघेल. ब्रशने काढा, पण पंख्याचं पातं पेन्सिलने अडवून धरा. ब्लोअरने गरगर फिरवलं तर बेअरिंगची वाट लागते. इंटेलच्या कूलरला, म्हणजे पंखा आणि जाळीच्या जोडीला, चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी वर आलेली असली तरी कूलर एका बाजूने उचलला जातो. पंधरा वर्षांत प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली असते. खरवडून पुसा आणि नवी वाटाण्याहून थोडी कमी लावा. श्रीखंडासारखी थापू नका.

झाकण उघडलंच आहे तर प्रोसेसरच्या आसपासचे उभे नळकांडीसारखे कपॅसिटर बघा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी चिकटा आलेला दिसला तर मात्र दुकानदाराचं खरं, त्या बोर्डावर पैसे घालू नका. आणि एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा घरी उघडायचा नाही. वायर काढली तरी आत चार्ज राहतो.

हे सगळं करण्याआधी, मशीन आहे त्या अवस्थेत जेवढं चालतंय तेवढ्यात वडिलांच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. ते मराठी टायपिंग करायचे म्हणालात, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी असणार. या फॉन्टमधल्या फाइली युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी दिसणारी आजची पद्धत) नसतात, फॉन्ट नसलेल्या नव्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्टही उचला. लोक हेच विसरतात. मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवा; ०५ आणि सी५ या ओळींत शून्य असेल तर उत्तम, आकडा असेल आणि वाढत असेल तर डिस्क निघाली समजा.

वेगाचं म्हणाल तर १२० जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि जुन्या बाजारातली डीडीआर२ रॅम, एवढ्यावर थांबा. तुमचा बोर्ड एसएसडीला पूर्ण वेग देणार नाही, तरी फरक डोळ्याला दिसेल. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि क्रोम ब्राउझरही १०९ व्या आवृत्तीवर अडकलंय, तेव्हा त्यावर बँकेचं काम नको. नेटसाठी लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून, काही न पुसता चालवून बघा. टायपिंगपुरतं विंडोज ७ राहू द्या, नेटची वायर काढून.

बॅटरी आणि धूळ यांवर भागतंय का ते आधी बघा. एका वेळी एकच बदल करा. त्यानंतरही बंद पडलं तर किती मिनिटांनी पडतं आणि चालू करताना किती बीप येतात, तेवढं लिहा.