लंगडणं थांबलं म्हणजे टेंडन भरला असं नाही

प्रश्न : रेसमधून निवृत्त झालेला १७ वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा) घोडा आमच्याकडे जंपिंगसाठी आहे. खच्ची केलेला आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या पुढच्या उजव्या पायाची गुडघ्याखालची नळी मागच्या बाजूने सुजली, हात लावला तर गरम लागत होती. बर्फ आणि पट्टी सुरू केली, दहा दिवसांत लंगडणं गेलं. मोतद्दार म्हणतो, आता ट्रॉट (दुडकी चाल) करायला हरकत नाही. नालबंद टाचेखाली वेज (टाच उचलणारी पाचर) घालायचं म्हणतो. काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ट्रॉट नको आणि वेजही नको.

तुमच्या वर्णनावरून नळीच्या मागे कातडीलगत असणारा वरचा फ्लेक्सर टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी, पाय वाकवणारी दोरी) दुखावलेला दिसतो. दाह उतरला की दुखणं जातं, त्याला आठवडा-दोन आठवडे पुरतात. तुटलेल्या तंतूंच्या जागी मात्र आधी कच्चं, अस्ताव्यस्त कोलॅजन (तंतू बनवणारं प्रथिन) भरतं. त्याचे मजबूत, एका दिशेचे तंतू व्हायला वर्ष लागतं, कधी दीड. घोड्याला हे कळत नाही. दुखत नाही म्हणून तो पाय झोकून देतो आणि तिथेच पुन्हा फाटतो. सतराव्या वर्षी तर टेंडनमध्ये आधीचीच झीज साठलेली असते.

सर्वांत आधी सोनोग्राफी करून घ्या. दुखापतीनंतर पहिले काही दिवस जखम आतून वाढू शकते, म्हणून ती साधारण सात ते दहा दिवसांनी करतात. तुम्हाला उशीर झाला असला तरी वेळ गेलेली नाही. दोन्ही पुढचे पाय तपासायला सांगा, कारण दुसरा पायही पुष्कळदा बिघडलेला सापडतो. रिपोर्टवर टेंडनच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ लिहून घ्या. पुढचे सगळे निर्णय याच आकड्याशी ताडून घ्यायचे आहेत.

स्कॅन फार वाईट नसेल तर वेळापत्रक साधारण असं : आता हातात धरून दिवसातून दोनदा पाच मिनिटं चालवणं, दर आठवड्याला प्रत्येक फेरीत पाच मिनिटांची वाढ. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पुन्हा स्कॅन. तो चांगला आला तरच पाच मिनिटं सरळ रेषेत ट्रॉट, आणि दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं जास्त. कँटर (संथ दौड) सहा-सात महिन्यांच्या आत नाही. प्रत्येक टप्प्याआधी स्कॅन. छेद मागच्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फुगला असेल तर एक टप्पा मागे. चालवायचं ते सपाट, घट्ट जमिनीवर. खोल वाळू आणि लंजिंगचं (लांब दोरीवर गोल फिरवण्याचं) रिंगण दोन्ही टाळा. महिनाभर तबेल्यात उभा राहिलेला थरोब्रेड बाहेर पडताच उसळतो, आणि बरा होत आलेला टेंडन तेवढ्या एका उडीतही जातो. नुसत्या मोहरकीवर नेऊ नका, लगाम घाला. शांत वेळ निवडा. गरज पडली तर सौम्य गुंगीचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या.

काम बंद म्हणजे दाणाही कमी. ओट्स आणि चणे तिसऱ्या हिश्श्यावर आणा, वाळलं गवत मात्र रोज सात ते नऊ किलो असू द्या (वजन साडेचारशे किलो धरून). पट्टीखाली कापसाचा जाड, एकसारखा थर हवा. घट्ट पट्टीने टेंडनवर वळ उठतो आणि नवीच दुखापत होते.

आता वेजबद्दल. टाच उचलली की खुराच्या हाडाला जाणारा खोल टेंडन सैल पडतो. मग नळीखालचा सांधा (फेटलॉक) पेलण्याचा त्याचा वाटाही वरच्या टेंडनवर येतो, म्हणजे नेमका दुखऱ्यावर. हा उपाय सरसकट सगळ्या टेंडनना लावला जातो, ते चूक आहे. त्यापेक्षा खुराचा पुढचा भाग लांबू देऊ नका, साधी संतुलित नाल ठेवा आणि चार ते सहा आठवड्यांनी खूर तासून घ्या.

दाह पुन्हा वाढला तर मेलॉक्सिकॅम हे दाहशामक, वजनाच्या किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, तेही डॉक्टरांना विचारून. म्हाताऱ्या घोड्याची मूत्रपिंडं आणि पोट आधी पाहावं लागतं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जवळही आणू नका. गिधाडांच्या मृत्यूंमुळे २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. या वयात अंगावर लांब केस राहत असतील किंवा पाठीचे स्नायू झडले असतील तर कुशिंग या हार्मोनच्या आजारासाठी रक्तातलं एसीटीएच हे हार्मोन तपासा. या आजारात ऊती दुबळ्या होतात आणि जखम नीट भरत नाही.

प्रश्न : आमच्याकडचे जुने लोक अशा पायाला डाग द्यायला सांगतात. शिवाय स्टेरॉइडचं इंजेक्शन, पीआरपी असंही ऐकलं. यातलं काय करावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : डाग देऊ नका. डागल्याने टेंडन लवकर किंवा चांगला भरत नाही, हे ब्रिटनमधल्या अभ्यासात १९८० च्या दशकातच दिसलं. फायदा वाटतो तो डागल्यावर घोड्याला सक्तीने मिळालेल्या विश्रांतीचा. स्टेरॉइड थेट टेंडनमध्ये कधीच नको, तंतू कमजोर होतात आणि चुन्याच्या गाठी बसतात. पीआरपी, म्हणजे घोड्याच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. मात्र ती पहिल्या काही आठवड्यांत, स्कॅनमध्ये मध्यभागी काळं छिद्र दिसत असेल तर, आणि सुई सोनोग्राफीत पाहूनच घालावी. ती घेतली तरी चालवण्याचं वेळापत्रक एका आठवड्यानेही आखडता येत नाही.