‘नियंत्रण सुटले’ एवढ्यावर सही करू नकोस

प्रिय मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. उड्डाण घेताच हेलिकॉप्टर गरगरत कोसळले, वैमानिक वाचला नाही, आणि अहवालात ‘नियंत्रण सुटल्याने अपघात’ असे लिहून मोकळे व्हावे, असे वरिष्ठ सुचवत आहेत. अगं, ते तर रस्त्यावरच्या बघ्यानेही सांगितले असते. नियंत्रण का सुटले, हे शोधायला आपल्याला नेमलेले असते.

२७ ऑक्टोबर २०१८ रोजी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या फुटबॉल मैदानातून उडालेले एडब्ल्यू१६९ हेलिकॉप्टर आठव. सुमारे ४३० फुटांवर ते उजवीकडे वळू लागले, वैमानिकाने डावे पेडल दाबूनही आवरेना, आणि आतले पाचही जण गेले. तिथेही नियंत्रणच सुटले होते. ब्रिटिश तपासनिसांनी जळक्या अवशेषांतून शेपटीच्या पंख्याची, म्हणजे हेलिकॉप्टरला गरगरू न देणाऱ्या आणि पेडलने आवरायच्या पंख्याची, यंत्रणा उलगडली, तेव्हा तिथले दुहेरी बेअरिंग जाम झालेले आढळले. त्यामुळे फिरू नये तो दांडा फिरला, जोडणीतून सुटला, आणि पेडलचा पंख्याशी संबंधच उरला नाही. वैमानिकाच्या हाती काही राहिले नव्हते. तरीही तपासनीस बेअरिंगपाशी थांबले नाहीत, याचे मला अधिक मोल वाटते. उड्डाणचाचण्यांत मोजलेले भार बेअरिंग बनवणाऱ्यांना कळवलेच गेले नव्हते, आणि तशी सक्ती नियमांतही नव्हती, इथपर्यंत ‘का’ विचारत ते गेले. अंतिम अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. घाई आहे म्हणतेस, ती कोणाला?

तिशीत असताना मीही ‘वैमानिकाचा अंदाज चुकला’ असे लिहून सही केली होती. वजनाचा तक्ता मागवला नव्हता. भर दुपारच्या तापलेल्या, विरळ हवेत वरच्या मुख्य पंख्याची उचल किती घटली असेल, याचे गणितही मांडले नव्हते. पुढे त्या वैमानिकाचे वडील भेटायला आले आणि त्यांनी शांतपणे विचारले, “साहेब, वजन किती होते?” मला सांगता आले नाही. त्यानंतर ‘का’चे उत्तर मिळेपर्यंत मी सही केली नाही, हेकट म्हणून नाव पडले, बढती हुकली, आणि त्याचे मला काही वाटत नाही, असे मी अजूनही सांगत असतो.

तुझ्या पत्रात शेपटीच्या पंख्याच्या दांड्याचा उल्लेखच नाही, याचा मात्र राग आला. उद्या सकाळीच हँगरमध्ये जा. कोणी उत्साहाने अवशेष धुऊन ठेवण्याआधी त्या दांड्याच्या नटाची छायाचित्रे काढ, बेअरिंगमधले ग्रीस वेगळे जपून ठेव, आणि वजनाचा तक्ता लेखी मागव. तो मिळाला नाही, तर मिळाला नाही हेही अहवालात लिही.